गुडघा दाखला वाचत नाही

चौदा वर्षांखालच्या शालेय सामन्यात दोन्ही संघ रांगेत उभे राहिले की प्रेक्षकांतून एक आरोळी हमखास येते, "त्या मागच्याचा दाखला बघा रं आधी!" मागचा म्हणजे रांगेतला सगळ्यांत उंच. ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला, पोटऱ्या भरलेल्या. त्याच रांगेत पुढे त्याच्याच वर्गातला दुसरा पोरगा असतो. त्याची जर्सी मांडीखाली लोंबत असते आणि शिन गार्ड गुडघ्याला टेकलेले असतात. दोघांच्या जन्मतारखांत जेमतेम महिन्याभराचं अंतर असतं. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची फिजिओथेरपी हे माझं काम आहे, आणि हे दोघंही माझ्या टेबलावर येतात. फक्त त्यांची दुखणी वेगळी असतात आणि येण्याची वेळही वेगळी असते.

आमच्याकडचा फुटबॉल तालमीचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल ही नावं इथल्या पोराला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतल्या दुकानांत गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही नसतात. कुस्तीच्या मातीशेजारीच हा खेळ रुजल्यामुळे त्याच्याबरोबर एक समजही आला. अंग रगडलं की अंग बनतं. गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यायचं, दुखलं तर तेल चोळायचं आणि पुन्हा उतरायचं. पूर्ण वाढलेल्या माणसाला हे एक वेळ मानवतं. तेरा वर्षांच्या गुडघ्याला मानवत नाही, आणि त्याचं कारण पोराच्या हिमतीत नसून हाडात आहे.

वाढत्या हाडाच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. हाड तिथूनच लांब होतं. त्याशिवाय स्नायूचा कंडरा हाडाला जिथे चिकटतो, तिथेही काही ठिकाणी अशीच कच्ची कूर्चा असते. गुडघ्याखालचा उंचवटा, टाचेचा मागचा भाग, कमरेच्या हाडाचे कोपरे या त्यातल्या मुख्य जागा. ओल्या गिलाव्यात ठोकलेल्या खुंटीला दोर बांधून ओढला तर दोर तुटत नाही, खुंटी हलते. मोठ्या खेळाडूचा स्नायू ताणतो किंवा फाटतो. पोराचा स्नायू शाबूत राहतो आणि तो जिथे बसवलाय ती जागा दुखावते.

मुलगे साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमाराला सगळ्यांत जोरात वाढतात. त्या एका वर्षात उंची ९ ते १० सेंटिमीटरनी वाढू शकते. मुलींची ही उसळी दोनेक वर्षं आधी, साडेअकरा-बाराच्या आसपास येते. पण ही सरासरी झाली. कुणाला ती बाराव्या वर्षी गाठते, कुणाला सोळाव्याला. त्यातही आधी पाऊल वाढतं, मग नडगी, मग मांडी आणि धड सगळ्यांत शेवटी. हाड लांब होतं, स्नायू मागून येतो. हाडात कॅल्शियम भरण्याचं काम तर आणखी काही महिने मागे असतं. म्हणजे पोरगा सगळ्यांत उंच आणि दणकट दिसू लागतो, नेमक्या त्याच काळात त्याचं हाड लांबीच्या मानाने कच्चं असतं. ही गोष्ट प्रशिक्षकांना पटवताना मला सगळ्यांत जास्त घाम फुटतो, कारण डोळ्यांना दिसतं ते अगदी उलट.

दुखणंही पायाच्या या वाढीमागोमाग खालून वर चढत जातं. स्पेनमधल्या अॅथलेटिक बिलबाओ क्लबच्या अकॅडमीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींत हा चढता क्रम स्पष्ट दिसला होता. माझ्याकडे येणाऱ्या पोरांतही तो तसाच दिसतो. दहा-बारा वर्षांचा पोरगा टाच धरून येतो. टाचेच्या दोन्ही बाजू बोटांनी दाबल्या की पाय ओढून घेतो. हा सेव्हरचा आजार. आजार म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात टाचेच्या कूर्चेची ती कुरकुर असते. वर्ष-दोन वर्षांनी तोच पोरगा गुडघ्याखालचा टेंगूळ दाखवायला येतो. हा ऑसगुड-श्लॅटर. १९०३ साली एकाने बोस्टनमध्ये आणि दुसऱ्याने झुरिचमध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून नावं दोन. त्यानंतर पाळी येते कमरेच्या हाडाची.

पहिली दोन दुखणी चिवट असतात पण घात करत नाहीत. तिसरं वेगळं. पंधरा वर्षांचा एक पोरगा सरावात लांबून शॉट मारताना जागेवर बसला. "आतनं फट् असा आवाज आला मॅडम," म्हणाला. मांडी भरून आली असं समजून घरच्यांनी दोन दिवस तेल चोळलं, तिसऱ्या दिवशी एकाने नस बसवून देतो म्हणून पाय ओढला. एक्स-रेत कमरेच्या हाडाचा पुढचा कोपरा निसटलेला दिसत होता. मांडीच्या पुढच्या स्नायूने आपली खुंटीच उपटली होती. अशा बहुतेक पोरांना ऑपरेशन लागत नाही, पण दोन-तीन महिने बूट बाजूला ठेवावे लागतात. चोळणं आणि ओढणं इथे थेट नुकसान करतं. शॉट मारताना किंवा धावताना एकदम आवाज होऊन पोरगा खाली बसला, तर वाढत्या वयात तो स्नायूचा प्रश्न नसून हाडाचा आहे असं धरून चालायचं आणि एक्स-रे काढायचा. हे मी शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना इतक्यांदा सांगते की आता ते मला पाहिलं की स्वतःच म्हणतात, "एक्स-रे, कळलं!"

ऑसगुडचं दुखणं घेऊन आलेल्या एका सेंटर फॉरवर्डविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या गावातली सगळी गुंतागुंत त्या एका पोरात होती. वय तेरा. उंची वर्गशिक्षकांपेक्षा जास्त. शाळेने त्याला चौदा वर्षांखालच्या संघात घेतलं होतं आणि अंगाने दिसतोय म्हणून सतरा वर्षांखालच्या संघातही. पेठेतल्या ज्युनिअर संघाने त्याला आधीच आपला म्हटलं होतं. सकाळी एका अकॅडमीत सराव. शिवाय शहरात जागोजागी झालेल्या टर्फवर रात्री भाड्याने पाच-पाचचे सामने, ते कुणाच्याच हिशेबात नव्हते. चारही ठिकाणचे प्रशिक्षक वेगवेगळे. प्रत्येकजण मला मनापासून सांगत होता, "आमच्याकडं कुठं जास्त खेळतोय तो?" आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं.

पोराला विचारलं तर म्हणाला, "खेळताना दुखत नाही मॅडम, जिना उतरताना कळ येतीया." आजी म्हणाली, वाढीचं दुखणं हाय, जाईल. वडिलांचं गणित दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या सवलतीच्या गुणांपर्यंत पोचलं होतं. त्याच्याही पलीकडे एक स्वप्न होतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाला आपल्या पोरात तो दिसतो. त्यात गैर काहीच नाही. शाळेच्या सरांचा निरोप सरळ होता, "फायनल होऊ दे मॅडम, मग महिनाभर झोपवा त्याला."

झोपवायचं नव्हतंच. अशा दुखण्यात पोराला पूर्ण बंद करणं हा आळशी सल्ला आहे. महिनाभर बसवलेला पोरगा परत येतो तो आणखी कमकुवत होऊन. उड्या, धावून शॉट मारणं आणि कडक जमिनीवरचे तास कमी करायचे. पासिंग, जागा घेणं, चेंडू ताब्यात ठेवणं चालू ठेवायचं. मांडीच्या स्नायूला हळूहळू ताकद द्यायची. आम्ही एक वही केली. त्यात आठवडाभर कुठे किती वेळ खेळला हे त्याच्या आईने लिहायचं. वही भरली आणि सगळे तास पहिल्यांदाच एका पानावर आले, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. एक साधा दंडक आहे. आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास, त्यात सामने आणि टर्फसुद्धा आले. या पोराचे तास त्याच्या कितीतरी वर होते. टर्फ बंद झालं आणि सतरा वर्षांखालच्या संघातून नाव काढलं. शाळा माझ्यावर थोडी नाराज आहे, असू दे.

हे सगळं आधी ओळखता येतं का? येतं, आणि त्याला लागतात एक भिंत, एक टेप, एक स्टूल. दर तीन महिन्यांनी उंची मोजायची. बसून उंचीही मोजायची, म्हणजे पाय किती वाढले आणि धड किती हे वेगळं कळतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००२ साली या मापांवरून पोरगा वाढीच्या उसळीपासून किती दूर आहे हे काढायचं सूत्र दिलं. ते सोयीचं आहे, पण फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांनाही ते सरासरीकडे ओढतं. म्हणजे ज्यांची काळजी जास्त, त्यांच्याच बाबतीत चुकतं. दुसरी पद्धत १९९४ची, खामिस आणि रोश यांची. मुलाची उंची-वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून तो मोठेपणी किती होईल याचा अंदाज बांधायचा आणि आज तो त्याच्या किती टक्क्यांवर आहे ते पाहायचं. ती ओहायोतल्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बांधलेली आहे. आपल्याकडे वापरताना हात राखूनच वापरावी. त्यातली आणखी एक अडचण कुठल्याच निबंधात नीट सापडणार नाही. कोल्हापुरी बापाला उंची विचारली की तो हमखास दोन बोटं वाढवून सांगतो. मी आता वडिलांनाही भिंतीला उभं करते.

मला स्वतःला सूत्रांपेक्षा वाढीचा वेग जास्त उपयोगी पडतो. नेदरलँड्समधल्या एका अकॅडमीतल्या मुलांच्या अभ्यासात महिन्याला ६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उंची वाढत असली की दुखापतीचा धोका वाढलेला दिसला होता. आकडा छान आहे, पण ६ मिलिमीटर म्हणजे किती? सकाळी उठल्यावर माणूस जेवढा उंच असतो, त्यापेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका होतो. एकदा सकाळी आणि पुढच्या वेळी संध्याकाळी मोजलं की पोरगा वाढला की आटला हेच कळणार नाही. म्हणून वेळ ठरलेली, मोजणारा माणूस तोच, बूट-मोजे काढलेले, आणि माप दोनदा. दर महिन्यापेक्षा तीन महिन्यांचा फरक पाहिला तर तो जास्त भरवशाचा. एवढं करायला कुठलीही पदवी लागत नाही. शाळेतला शिपाईदेखील हे उत्तम करतो, मी करून घेतलंय.

आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी चपला-बूट आहेत. पाऊल आधी वाढतं, त्यामुळे आई जेव्हा म्हणते की जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीलाच होईनात, तेव्हा पुढचं वर्ष जपायचं आहे हे ओळखावं. याच आईने वाढत्या अंगाचे म्हणून एक नंबर मोठे स्टड घेतलेले असतात हाही अनुभव आहे. त्यात पाय पुढेमागे घसरतो आणि दुखऱ्या टाचेला तो रोज घासतो. स्टड मापाचेच घ्या, मग ते जुने असले तरी चालतील.

आता त्या दाखल्याच्या आरोळीकडे येते. आपल्याकडे हाडाचं वय हा शब्द काढला की आईबाप दचकतात. त्याचं कारण आहे. वय चोरणं हा आपल्या खेळातला जुना रोग. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म मास्तरांनी १ जूनला लावला, त्यामुळे कागदावरचं वय म्हणजे लवचीक गोष्ट, ही समजूत घरोघरी मुरलेली आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१०मध्ये वयचोरीविरुद्ध आचारसंहिता आणली. फिफाने २००९पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय सुरू केलं. क्रिकेटमध्ये डाव्या हाताचा एक्स-रे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने हाडं वाचतात. हे हवंच. सोळा वर्षांच्या बाप्याने तेरा वर्षांच्या पोराला धडक दिली तर पोराचं हाड मोडतं, मी जोडायला मदत केली आहे.

पण यातून एक विचित्र गोष्ट झाली. हाडाचं वय म्हणजे चोर पकडायचं यंत्र, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. खऱ्या दाखल्याचा तेरा वर्षांचा पोरगा हाडाने पंधराचा असू शकतो. एकाच वर्षी जन्मलेल्या पोरांमध्ये हाडांच्या वयाचा फरक चार-पाच वर्षांपर्यंत निघू शकतो, आणि त्यात कुणीही लबाडी केलेली नसते. मी टेप काढला की काही पालक अजून विचारतात, "मॅडम, हे कुठं पाठवणार नाही नव्हं?" माझा टेप कुठे जात नाही. ज्या माहितीने पोराला वाचवायचं, तिच्याच भीतीने ती लपवली जाते, याचा मला खरोखर राग येतो.

लवकर वाढलेल्या पोराचा घात कौतुकाने होतो. उशिरा वाढणाऱ्याचा दुर्लक्षाने. शिन गार्ड गुडघ्याला टेकलेला तो पोरगा बेंचवर बसतो, शेवटच्या पाच मिनिटांना उतरतो, थंड अंगाने, आणि समोरून येणारा त्याच्यापेक्षा वीस किलोंनी जड असतो. फ्रान्सच्या क्लेरफोंतेन इथल्या राष्ट्रीय केंद्रातल्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या दहा हंगामांच्या नोंदी २००७ साली प्रसिद्ध झाल्या. लवकर, वेळेवर आणि उशिरा वयात येणाऱ्या मुलांत एकूण दुखापतींचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं. वेगळं होतं ते दुखापतींचं स्वरूप आणि गांभीर्य. म्हणजे कुणीच सुटत नाही, प्रत्येकाची जागा तेवढी वेगळी. उशिरा वाढणाऱ्याची उसळी पंधरा-सोळाव्या वर्षी येते, नेमकी तेव्हा सराव दुप्पट झालेला असतो आणि सगळे म्हणत असतात की आता हा मोठा झाला. यातले बरेचजण तिथवर टिकतच नाहीत. चेंडूवर सगळ्यांत चांगला ताबा असलेली पोरं मी चौदाव्या वर्षी खेळ सोडताना पाहिली आहेत, आणि सतराव्या वर्षी हीच पोरं सहा फुटी होऊन रस्त्यात भेटतात.

इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातले शॉन कमिंग आणि त्यांचे सहकारी यांवर एक उपाय सांगतात. अधूनमधून जन्मवर्षाऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे गट करायचे. तिथल्या प्रीमियर लीगने २०१५मध्ये अशी स्पर्धा भरवली होती. मोठेपणच्या अंदाजे उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर पोचलेली मुलं एकत्र खेळली. माझ्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाने शनिवारच्या सरावात हे करून पाहिलं. उंच पोरांना पहिल्यांदाच कुणी खांद्याने अडवलं, त्यामुळे त्यांना पास द्यावा लागला. बुटक्या पोरांनी पहिल्यांदाच चेंडू मागितला. दुखापती कमी करायचं ओझं या प्रयोगावर टाकू नये, त्यासाठी तासच मोजावे लागतात. पण कोण खरोखर खेळाडू आहे आणि कोण नुसता मोठा आहे, हे त्या एका तासात दिसलं.

मुलींबद्दल आमच्याकडे याहून कमी बोललं जातं. कोल्हापुरात मुली आता चांगल्या संख्येने खेळतात. त्यांची उसळी प्राथमिक शाळा संपता संपता येते, पाळी त्यानंतर साधारण वर्षभराने. मुलांना या काळात आपोआप स्नायूंची ताकद मिळते, मुलींना ती त्या प्रमाणात मिळत नाही. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि तो या उसळीनंतर वाढतो. पुरुष प्रशिक्षकांना पाळीविषयी विचारता येत नाही, मुली आपणहून सांगत नाहीत. पाळी बंद झाली, सराव मात्र चालू आहे, अशी मुलगी हाड मोडून घेण्याच्या वाटेवर असते. संघाबरोबर एक बाई असावी, ती शिक्षिका असो की कुणाची आई, एवढी तरी व्यवस्था शाळांनी करायला हरकत नाही.

वॉर्मअपबद्दल दोनच ओळी. मैदानाला दोन फेऱ्या मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाचा ११+ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम फुकट मिळतो. नॉर्वेतल्या मुलींवर घेतलेल्या चाचणीत त्याने गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या. तेरा वर्षांखालच्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. युरोपातल्या चार देशांत तपासली तेव्हा तिनेही दुखापती ४८ टक्क्यांनी कमी केल्या. उड्या मारून नीट उतरणं, एका पायावर तोल, पडायचं कसं, एवढंच त्यात आहे. आमच्या तालमीतल्या वस्तादांना यातलं निम्मं आधीच येत होतं.

शाळांच्या, तालमींच्या आणि अकॅडमींच्या प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्या पोरांची उंची एकदा भिंतीवर घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. जो सगळ्यांत जास्त वाढला असेल त्याच्या घरी फोन करा आणि तो आणखी कुठे कुठे खेळतो ते विचारा. मग उरलेल्या प्रशिक्षकांना फोन लावा. तुमचे सगळ्यांचे नंबर एकमेकांकडे आहेतच. सामने ठरवताना वापरता ना?